पन्नासपैकी किती, दाजी?

रविवार असून सकाळी मिसळ नाही. का, तर दुपारी बीअर चाखायची आहे! "दाजी, काळ्या रश्श्याने जिभेची वाट लागते," असं मेहुण्याने पुण्याहून निघतानाच फोनवर बजावलं होतं. रविवारी मुकाट्याने पोहे खाणारा अख्ख्या नाशकात मी एकटाच असेन.

मेहुणा आला तो थर्माकोलच्या पेटीत दोन बाटल्या घेऊन. क्राफ्ट पेल एल, म्हणजे छोट्या भट्टीत बनवलेली, हॉप्स नावाच्या फुलांच्या वासाची बीअर. सवयीने मी एक फ्रीझरमध्ये टाकायला निघालो, तर त्याने ती हातातून काढून घेतली. फार गार झाली की म्हणे वास उठत नाही, 7 ते 10 अंश पुरे. म्हणजे मे महिन्यात, गंगापूर रोडच्या गॅलरीत, समोरची गार बाटली कोमट होण्याची वाट बघत बसायचं.

मग ग्लास. काचेला बुडबुडे चिकटले म्हणजे ग्लास मळका, साबणाचा अंश राहिला की फेस बसतो. त्याने तो तीनदा विसळला, उजेडात धरला, पुन्हा विसळला. बहिणीच्या घरी येऊन तिच्या ग्लासांना नावं ठेवणारा भाऊ मी पहिल्यांदाच पाहिला. बहिणीनेही पाहिला.

एवढं झाल्यावर त्याने गुणपत्रिका काढली. एकूण 50 गुण. वासाला 12, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5, एकंदर मत 10 आणि दिसण्याला फक्त 3. आमच्याकडे सोयरीक जमवताना दिसण्याला इतके कमी गुण असते, तर माझं लग्न दोन वर्षं आधी झालं असतं.

वास घेतला. आधी मोसंबीची साल, मग काहीतरी फार ओळखीचं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'फिनेल'.

"दाजी, पाइन म्हणा. पाइनचं झाड!"

झाड मी पाहिलेलं नाही, फिनेल दर शनिवारी पाहतो.

घोट घेतला आणि लहानपणी आजी नाक दाबून पाजायची तो काडेचिराईत आठवला. "कडू लागलं ना? तेच हवं," मेहुणा खूश. हा कडवटपणा हॉप्सचा. हॉप्स म्हणजे वेलाची फुलं. उकळताना आधी टाकली की कडू, शेवटी टाकली की वास. वेल उंच तारांवर चढवतात.

"तारांवर?" मी सावरून बसलो. दिंडोरीला आमची चार एकर द्राक्षं आहेत. "डावणी येते का त्याच्यावर?" डावणी म्हणजे पावसाळी हवेत वेलावर येणारा बुरशीसारखा रोग.

मेहुण्याने मोबाइलमध्ये शोधलं. येते. भुरी, ही दुसरी बुरशीसुद्धा येते. आणि या बाटलीतला कॅस्केड हा वाण 1972 साली अमेरिकेत ओरेगनमध्ये बाहेर काढला, तो डावणीला बऱ्यापैकी टिकतो.

मी दुसरा घोट घेतला. कडूच होता, पण आता त्यामागे एक शेतकरी दिसायला लागला, पावसाळी हवेत फवारणीचा पंप पाठीला लावून आभाळाकडे बघणारा. एकंदर मताचे 10 पैकी 9 देऊन टाकले. "दाजी, हे गुण बीअरला द्यायचेत, वेलाला नाही," मेहुणा कळवळला.

तेवढ्यात ही गॅलरीत आली, थबकली, नाक वर केलं.

"अगंबाई, रविवारी लादी कोणी पुसली?"

मेहुण्याने काही न बोलता माझी गुणपत्रिका पुढे ओढली आणि 'पाइन' ही स्वतःची दुरुस्ती खोडली.