‘कावीळ पाण्याची, मग लस कशाला?’ एका फॉरवर्डला उत्तर

मृग लागला की आमच्या सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास फिरतात: कुर्ल्यांचे फोटो आणि काविळीचा मेसेज. यंदाचा थोडक्यात असा: ‘कावीळ घाण पाण्याने होते. हेपॅटायटिस बीची भीती घालून दवाखान्यातल्यांना लस खपवतात. धोका असलाच तर डॉक्टरांना, तोही ताज्या रक्ताचा. हातमोजे घाला. सुई टोचलीच तर बोट पिळून रक्त काढा आणि माळ घाला.’ मला तो पाठवला माझ्याबरोबर आरोग्य केंद्रात काम केलेल्या एका सिस्टरने. दुसऱ्या कोणी पाठवला असता तर सोडून दिला असता.

पाण्याचं आधी. विहिरीत पावसाचं पाणी उतरल्यावर गावात पसरते ती बहुधा ए किंवा ई प्रकारची कावीळ. बी पसरते रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. पाणी कितीही उकळा, तिला काही फरक पडत नाही.

‘ताज्या रक्ताचा’ हे तर सर्वांत घातक वाक्य. हा विषाणू सुकलेल्या रक्तात, शरीराबाहेर, निदान 7 दिवस तग धरतो. बाळंतपणाच्या टेबलाच्या सांध्यात राहिलेला डाग, ट्रेच्या कडेची रेघ, हे सगळं त्यात आलं. लस न घेतलेल्याला बाधित रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के. एचआयव्हीच्या बाबतीत ती साधारण 0.3 टक्के आहे. एचआयव्हीचा रुग्ण म्हटलं की आम्ही दोन-दोन हातमोजे चढवायचो. बीला मात्र ‘कावीळच ना’ म्हणून सोडून द्यायचो, मीसुद्धा.

आणि डॉक्टरांनाच का? डॉक्टर सुई टोचतात नि पुढच्या रुग्णाकडे जातात. ती सुई चुकून पिवळ्या पिशवीत गेली तर टोचते पिशवी उचलणाऱ्या मावशीला, नाहीतर कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाला. 2016च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या मावशीला लसीचं विचारलं तेव्हा ती हसून म्हणाली, “आमका कोण विचारता, सिस्टर?” कंत्राटी माणसाचं नाव यादीत कोणी घालायचं, यावर तिथे महिने गेले होते.

हातमोजे हवेतच, पण सुई त्यातून आरपार जाते. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती हब कटरने तोडायची आणि पांढऱ्या, न भोकसणाऱ्या डब्यात टाकायची.

बोट पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच वरिष्ठांना सांगा. लस झालेली नसेल आणि रुग्ण बाधित असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही लागतं, शक्यतो 24 तासांच्या आत. ‘ओरडा बसेल’ म्हणून गप्प राहण्यात हेच तास जातात.

आता माळ. पुनर्नव्याच्या काड्यांची ही माळ डोक्यावर ठेवतात, ती वाढत गळ्यात उतरते आणि कावीळ उतरली म्हणतात. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. ती काविळीच्या रुग्णाला घाला नाहीतर खुंटीला टांगा, लांबणारच. तरी लोक बरे होतात हे खोटं नाही: मोठ्या माणसांत 100पैकी 90हून अधिक जणांचं शरीर बीला स्वतःच हटवतं. श्रेय माळेला जातं. उरलेल्यांच्या यकृतात ती वर्षानुवर्षं राहते, सिरॉसिस, कॅन्सरपर्यंत नेते. त्यांतल्या कित्येकांचे डोळे कधी पिवळे झालेलेच नसतात, मग ते माळवाल्याकडे तरी कशाला जातील?

लस खपवण्याचं म्हणाल, तर 2018मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण आहेच. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातलं टायटर, म्हणजे लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासायचं. ते 10 किंवा त्याहून जास्त आलं की निश्चिंत.

मेसेज पाठवणाऱ्या सिस्टरला फोन केला. तिचे दोनच डोस झालेत. तिसऱ्याच्या वेळी ती रजेवर होती, मग राहूनच गेला. आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल असं तिला वाटत होतं. तसं नाही. राहिलेला तिसरा तेवढा घ्यायचा.