घड्याळातला व्हीओटू मॅक्स म्हणजे लॅब टेस्ट नव्हे

भाची १७ वर्षांची, १५०० मीटर पळते. काल तिने एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, "मामा, हे खरंय ना?" त्यात लिहिलंय की हल्लीची घड्याळं लॅबइतकाच अचूक व्हीओटू मॅक्स (पूर्ण जोर लावल्यावर शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) देतात, आकडा घसरला की फिटनेस गेला समजा आणि लगेच इंटरव्हल (मधे थोडी विश्रांती घेत जोरात पळायचे तुकडे) वाढवा, घड्याळ दाखवेल तेवढ्या कॅलरी खा, आणि ज्याचा आकडा मोठा तोच रेस जिंकणार. तिचा आकडा ५२ वरून ४८ वर आलेला, म्हणून विचारायच्या आधीच आठवडाभर डबल इंटरव्हल मारून झाले होते आणि आता नडगी दुखतेय. डोकंच फिरलं माझं.

लॅबइतकं अचूक म्हणे! लॅबमधे तोंडाला मास्क लावून दम संपेपर्यंत पळवतात आणि श्वासातला ऑक्सिजन मोजतात. घड्याळ तो मोजतच नाही, ते स्पीड आणि हार्ट रेटवरून अंदाज बांधतं. स्पोर्ट्स मेडिसिन या जर्नलमधे २०२२ साली बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलंय. व्यायाम करताना काढलेल्या अंदाजांची सरासरी चूक जवळपास शून्य, हे मान्य करावं लागेल, पण एकेका माणसाचा आकडा खऱ्यापेक्षा १० च्या आसपास वर किंवा खाली असू शकतो. म्हणजे घड्याळात ५२ दिसतोय तर खरा ४२ पण असेल, ६२ पण असेल. मग ४ ने घसरला यावरून काय कळणार?

आणि घसरला म्हणून ट्रेनिंग वाढवा, हे तर घातकच आहे. ऊन वाढलं, झोप झाली नाही, सर्दी अंगात असली की त्याच पेसला हार्ट रेट जास्त जातो आणि घड्याळाला वाटतं फिटनेस कमी झाला. अशा वेळी शरीराला आराम हवा असतो! तिचे रन मी उघडून बघितले. एका रनमधे तिसऱ्या मिनिटाला हार्ट रेट १४८ वरून एकदम १७६ वर आणि पुढे सरळ रेघ, कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) बघितला तर तोही १७६. सेन्सर नाडी सोडून पावलं मोजत बसला होता. त्यात मॅक्स हार्ट रेट २२० वजा वय या हिशोबाने २०३ टाकलेला, हे सूत्र एकेका माणसाला १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतं.

कॅलरीचं तर बोलायलाच नको. स्टॅनफर्डने २०१७ मधे ६० जणांवर ७ घड्याळं तपासली, हार्ट रेट ६ घड्याळांत ५ टक्क्यांच्या आत होता, पण कॅलरीत सगळ्यात बरं घड्याळ सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी.

मोठा आकडा तोच जिंकणार, हे पण चूक. सारखा व्हीओटू मॅक्स असलेल्या दोघांत ज्याची रनिंग इकॉनॉमी चांगली, म्हणजे त्याच स्पीडला ज्याला ऑक्सिजन कमी लागतो, तो पुढे जातो.

तिला सांगितलंय, नडगी आधी डॉक्टरला दाखव, तोवर इंटरव्हल बंद, मग हार्ट रेट मोजणारा छातीचा पट्टा लावून पळ आणि महिन्यातून एकदा गार वेळेला ट्रॅकवर टाइम ट्रायल दे, म्हणजे ठरलेलं अंतर जोरात पळून वेळ बघ. घड्याळात बघायचंच असेल तर तीन-चार महिन्यांचा ट्रेंड बघ, रोजचा आकडा नको.