कोड नंबर २१

दिवाळीच्या आदल्या पंधरवड्यात आमच्या सांगलीच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रांवर चकल्या, पलंगावर चिवडा, आणि माझ्या लिहायच्या टेबलावर वजनकाटा. बायको फराळाच्या ऑर्डरी घेते. मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे गेल्या ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारपर्यंत होतो.

त्या गुरुवारी दारात एक पोरगा उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि चपला काढाव्यात की नाही असा चेहरा.

"काका, नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचा आलोय. तुमचं घर निवडलं गेलंय."

'नियतकालिक' हा शब्द मी आजवर मानधन बुडवणाऱ्या मासिकांच्याच संदर्भात ऐकलेला. म्हटलं, वर्गणी किती? तो म्हणाला, वर्गणी नाही, घरात कोण काय काम करतं याची सरकारला माहिती द्यायची. आमच्या भागातली बारा घरं निघाली होती. तेवढ्यात समोरच्या वहिनींनी फाटकातून विचारलं, "लाडकी बहीणची पडताळणी का हो?" आणि पुढच्या मिनिटभरात गल्लीतली सगळी दारं लागली.

आत घेतलं. पहिला प्रश्न आला, "एका चुलीवर जेवणारे किती?" उत्तर पाच. मी, बायको, आई, आप्पा आणि भाचा पिंट्या. पिंट्या जतचा, तीन वर्षांपासून आमच्याकडे राहून एमपीएससी करतोय. बहिणीच्या मते तो 'तिकडं असतो', पण चूल आमची असल्यामुळे सरकारच्या लेखी तो आमचाच ठरला. मला हे तीन वर्षं माहीत होतंच.

आप्पांचं लवकर उरकलं. निवृत्तिवेतनधारक, कोड ९४. "दूध मी आणतो, लाइट बिल मी भरतो, त्याचं काय?" असं त्यांनी विचारलं, पण टॅबवर त्याला जागा नव्हती. आईचं मात्र अडलं. नुसतं घरकाम असेल तर ९२. घरकाम करून घरच्यासाठी शिवणटिपण, विणकाम, सरपण-भाजी गोळा करणं असलं काही असेल तर ९३. आई गोधड्या शिवते. एक नंबर वाढला म्हणून ती खूश झाली आणि त्या भरात बोलून गेली, "परवा तर कुलकर्णीणबाईंना पण शिवून दिली. पैशे नाही घेतले हो, पाच किलो तांदूळ दिला तिनं."

पोराचं बोट थांबलं. मोबदला वस्तूत मिळाला तरी तो मोबदलाच. परवाच्या दिवशी आईनं तासभर तरी टाके घातले होते, म्हणजे या आठवड्यापुरती आई स्वयंरोजगारित. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

या सर्वेक्षणाची खरी गंमत या एका तासात आहे. माणसाला ते दोन पट्ट्यांनी मोजतं. एक पट्टी वर्षाची: गेल्या ३६५ दिवसांत जास्त काळ काय केलंत, आणि त्याखेरीज किमान ३० दिवस दुसरं काही केलंत का. दुसरी पट्टी आठवड्याची: गेल्या सात दिवसांत कुठल्याही दिवशी एक तास जरी काम केलं असेल तर तुम्ही रोजगारात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या ठरावातही हाच एक तास आहे. त्यामुळे बेरोजगारीचा आकडाही एक नसतो. २०२३-२४ चा वर्षाच्या पट्टीचा दर ३.२ टक्के, आणि एप्रिल २०२५ पासून दर महिन्याला आठवड्याच्या पट्टीचा येऊ लागला, तो पहिल्याच महिन्यात ५.१. टीव्हीवरचे लोक एक आकडा एका हातात आणि दुसरा दुसऱ्या हातात घेऊन भांडतात, ते यामुळे.

पिंट्या या दोन पट्ट्यांच्या मधोमध सापडला.

"कॉलेज, क्लास?"

"नाही. अभ्यासिकेत बसतो."

"नोकरी मिळाली तर करणार?"

"क्लास वन असेल तर."

पोरानं त्याच्याकडे जरा जास्तच समजुतीनं पाहिलं. तोही कधीतरी अभ्यासिकेत बसलेला असावा. वर्षाच्या पट्टीवर पिंट्या ८१, म्हणजे बेरोजगार. मग आठवड्याचा प्रश्न आला, आणि बायको आतून ओरडली, "शनिवारी विश्रामबागला चकलीचे डबे पोचवले की यानं! चांगले दोन तास लावले." संपलं. घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस, कोड २१, आठवड्याच्या पट्टीवर रोजगारित. आईनं हात जोडून देवाकडे पाहिलं. "लागला एकदाचा!" संध्याकाळी तिनं जतला फोनही केला. तो गैरसमज निस्तरायला मला दोन दिवस लागले.

आता माझी पाळी. मी आधीच सांगून टाकलं, स्वतंत्र व्यावसायिक, मुद्रितशोधन, बावीस वर्षं. पोरानं ११ टाकलं. वर्षाच्या पट्टीवर मी तरलो. मग तो म्हणाला, "आता गेल्या सात दिवसांचं, एकेका दिवसाचे तास सांगा."

हा प्रश्न मला बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. काम 'चालू' असतं, असं आपण म्हणतो. भेटेल त्याला म्हणतो. दिवाळी अंकांची प्रूफं सप्टेंबरअखेर संपतात, अंक छापखान्यात जातात, आणि मग मी मानधनाची वाट बघतो. वाट बघण्याचे तास धरतात का? नाही धरत.

"बुधवारी?"

"बुधवारी... वाचन केलं."

"प्रूफं?"

"नाही, पेपर."

"मंगळवारी?"

मंगळवारी एका संपादकानं कवितेचं पान परत पाठवलं होतं, कवीला दोन अनुस्वार परत हवे होते म्हणून. त्याचा मी दीड तास सांगितला. अनुस्वार दोन, तास दीड. पोरानं मुकाट्यानं लिहून घेतला. त्याच वेळी स्वयंपाकघरातून आवाज आला. "मंगळवारी पाच तास शेव भरली पाकिटात. कुरकुरत भरली, पण भरली. सोमवारी चिवड्याचं वजन करून लेबलं लावली. रविवारी भाजणी दळून आणली, गिरणीत नंबर होता, तीन तास गेले."

मी म्हटलं, ती घरातली मदत. पोरगा म्हणाला, "काका, विकायचा माल आहे ना?"

आठवड्याची बेरीज झाली. प्रूफं साडेतीन तास, फराळ एकतीस तास. दोन्ही कामंच, पण ज्याला जास्त वेळ दिला तोच कोड लागतो. टॅबवर आठवड्याच्या रकान्यात ११ ऐवजी २१ उमटला. धंदा कुणाचा या रकान्यात बायको होती आणि मदतनीस या रकान्यात मी आणि पिंट्या, एकाच पायरीवर.

"मदतनिसाची कमाई?" मी विचारलं.

"मोबदला नसतो म्हणून तर मदतनीस, काका."

कमाईचे प्रश्न बायकोला. पगारदार असता तर गेल्या कॅलेंडर महिन्याचा पगार विचारतात, रोजंदारीवाला असता तर सात दिवसांची रोजची मजुरी, आणि स्वतःचा धंदा असेल तर गेल्या तीस दिवसांची कमाई, खर्च वजा जाता. बायकोनं आधी फाटकाकडे पाहून दार लोटून घेतलं. नाव कुठं जात नाही, माहिती गुप्त राहते, हे तिनं पोराकडून दोनदा वदवून घेतलं. मग फ्रीजवरून वही काढली. तेल, डाळ, गॅस, पाकिटं, पिंट्याचं पेट्रोल. माझ्या नावाला वहीत काही नव्हतं. आकडा तिनं असा सांगितला, की तो मला आणि भारत सरकारला एकाच क्षणी कळला. फरक एवढाच, की सरकारच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

जाता जाता मी तिला समजावं म्हणून सांगितलं, की काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ वर गेलं. ती झारा निथळत म्हणाली, "मग आधी काय झोपा काढत होतो?" अर्थतज्ज्ञही यावरच भांडतात म्हणे, बायका कामाला नव्यानं लागल्या, की आधीपासून करत होत्या आणि आता मोजल्या जातायत. त्यांनी एकदा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसावं.

पोराचा शेवटचा प्रश्न, आणखी काम मिळालं असतं तर किती जास्त तास करायची तयारी होती? मी तोंड उघडेपर्यंत बायको म्हणाली, "करतील." तास तिनंच सांगितले.

आईनं त्याला चहा आणि तुटक्या चकल्या दिल्या. अख्ख्या ऑर्डरच्या होत्या. "तुला रे किती देतात? कायमचा आहेस?" तो हसला. कंत्राटी होता. "आजी, मला असं विचारायला अजून कुणी आलं नाही." मग उठताना म्हणाला, आता पुढचे तीन महिने दर महिन्याला एकदा येणार; त्या वेळी फक्त आठवड्याचे प्रश्न.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. उठून वाचत बसलो. एम. एल. दांतवाला मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांच्या समितीनं १९७० साली सांगितलं, की आपल्या देशात माणूस एका शिक्क्यात बसत नाही, शेतकरी दुपारी मजूर असतो नि संध्याकाळी दुकानात बसतो, म्हणून एकाच आकड्यात सगळी बेरोजगारी कोंबू नका. १९७२-७३ पासून वर्षाची, आठवड्याची अशा वेगवेगळ्या पट्ट्या आल्या. पुढे रोजगाराची मोठी पाहणी साधारण पाच वर्षांनी एकदा व्हायची. २०१७ पासून ती अखंड झाली, आणि २०२५ पासून महिन्याच्या महिन्याला. पाच वर्षांनी एकदाच येत होते तेव्हा मुद्रितशोधकांची काय चैन असेल!

नोव्हेंबरसाठी मी तयारी केली. एका ग्रंथाच्या चार फॉर्म्यांची प्रूफं आली होती, ती मुद्दाम हातावेगळी केली नाहीत. पोरगा बारा-तेरा तारखेला येईल असा हिशेब धरून सहा तारखेपासून रोज चार-चार तास बसलो. एकेक ऱ्हस्व-दीर्घ चवीनं तपासला. आठवडाभर मी निर्भेळ ११ होतो.

तो आला वीस तारखेला. माझं काम संपून बरोबर आठ दिवस झाले होते, आणि लग्नसराईच्या रुखवताच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. मी आत अनारशांना खसखस लावत होतो, हात पिठाचे, त्यामुळे दार बायकोनं उघडलं.

"काका आहेत का? त्यांचं सध्या काय चाललंय?"

"ह्यांचं ना?" ती म्हणाली. "ते अजून माझ्याकडंच आहेत."