मामाचा गाव आणि मामीचा मे महिना

एप्रिल संपत आला की फेसबुकवर मामाचा गाव उगवतो. विहिरीतल्या उड्या, सूरपारंब्या, गच्चीवर ओळीनं टाकलेल्या गाद्या, कोपरापर्यंत ओघळलेला आमरस. लिहिणारे सगळे भाचे नाहीतर भाच्या. एखाद्या मामाचीही पोस्ट सापडते. मामीची मात्र आजवर माझ्या वाचनात आली नाही. म्हणून ही.

मी लातूरची मामी. मोठी नणंद नागपूरला, धाकटी पुण्याला. दोघींची मिळून चार लेकरं, माझी दोन, शिवाय शेजारच्या चुलत दिरांचा एक, जो फक्त झोपायला स्वतःच्या घरी जातो. पुण्याची शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तेव्हा ती दोघं जातात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे माझ्या लेकरांची दप्तरं भरून झाली तरी नागपूरची दोघं इथंच असतात. आधीच सांगते, ती मला हवी असतात. माझा मोठा एरवी तोंडातून शब्द काढत नाही. तो मे महिन्यात रात्री बारापर्यंत भावंडांना भुताच्या गोष्टी सांगतो. हे पैसे भरून कुठल्या शिबिरात मिळत नाही.

पण हा आनंद कुणाच्या जिवावर उभा असतो, ते बघा. एक लेकरू सहाला उठतं, एक साडेनऊला. म्हणजे नाश्ता दोनदा. पुण्याचा धाकटा भेंडी सोडून दुसरी भाजी खात नाही, नागपूरच्या पोरीला वरणात गूळ चालत नाही. दुपारी बारा ते पाच बाहेर सोडायची सोय नाही, ऊन डोकं फोडतं. मग घरातच पत्ते, भांडणं, परत पत्ते आणि दर तासाला ‘मामी, भूक लागली.’ पोळ्या मोजू नयेत असं सासूबाई म्हणतात. पण कणीक मोजूनच भिजवावी लागते ना.

त्यात वाळवणाचे दिवस हेच. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, सत्त्व खाली बसलं की पहाटे चीक शिजवायचा. तो सोऱ्यात भरेपर्यंत पातेल्याभोवती सात वाट्या हजर. यंदा पाचच किलोच्या करा, असं सासूबाईंना दरवर्षी सांगते. दरवर्षी दहा किलोच्या होतात, कारण ‘पोरींना द्यायला नको का?’

आणि पाणी. लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आम्हीच दोन्ही नणंदांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. माहेरी येऊ नको असं लेकीला सांगताना सासूबाईंचा आवाज कसा झाला होता, ते मी शेजारी उभी राहून ऐकलंय. आताही नळाला रोज पाणी येत नाही. सात लेकरांच्या अंघोळी म्हणजे काय, हे गच्चीवरच्या टाकीला विचारा.

हे वाचून कुणाला वाटेल, नणंदांबद्दल कुरकुर चाललीय. अजिबात नाही. मोठ्या ताई नागपूरला नोकरी करून आजारी सासऱ्यांचं सगळं करतात. इथं येऊन त्या चार दिवस उशिरापर्यंत झोपल्या तर तो त्यांचा हक्कच आहे. मीही अंबाजोगाईला जाते तेव्हा माझी वहिनी मला गरम धपाटे हातात आणून देते. एकीच्या माहेरपणाचा भार दुसरी उचलते, दुसरीचा तिसरी. बायकांनी आपसात लावलेली ही भिशी आहे. पण घरातल्या पुरुषांनी या भिशीत कधीच हप्ता भरलेला नाही आणि जेवायला मात्र ते पहिल्या पंगतीला असतात.

मामाचं काम काय? एका संध्याकाळी सगळ्यांना गाडीत कोंबून आईस्क्रीम खायला नेणं आणि फोटो टाकणं. त्या फोटोला दोनशे लाइक. लेकरं मोठी झाली की त्यांना तेच आईस्क्रीम आठवणार, यात त्यांचा काय दोष? आणि त्यांचे बाप ‘सुट्टी नाही’ म्हणत स्टेशनवर पोचवून मोकळे होतात. गावच्या जत्रेला, मित्राच्या लग्नाला सुट्टी मिळते. पोटच्या लेकरांसाठी चार दिवस मिळत नाहीत, हे मला पटत नाही.

त्यात यंदा १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. म्हणजे ऐन सुट्टीत धोंड्याचा महिना! २०१८ सालीही असाच आला होता. पुरण भरलेले धोंडे, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण, नवे कपडे. लेकरांपाठोपाठ दोन्ही जावई हजर. अनारशाचा तांदूळही तीन दिवस भिजवायचा. माझ्या स्वयंपाकघरात यंदा काहीतरी भिजत पडलेलंच असणार.

तर गेल्या रविवारी मी घरच्या ग्रुपवर सरळ लिहून टाकलं. दहा वर्षांवरचं प्रत्येक लेकरू आपलं ताट आपण धुणार, मुलगा असो की मुलगी. टाकी भरण्याच्या पाळ्या लागणार. मामानं मे महिन्यात एक आठवडा रजा टाकायची आणि त्या आठवड्याचा सकाळचा नाश्ता त्याचा. जावयांनी धोंडे खायला यायचं तर आदल्या दिवशी यायचं आणि पुरण वाटायला बसायचं. सासूबाईंनी वाचलं आणि काही बोलल्या नाहीत. धाकटीनं हसण्याची चिन्हं टाकली. ह्यांनी रजेचा अर्ज अजून दिलेला नाही, पण पोहे किती भिजवायचे ते परवा विचारलं.

नागपूरच्या भाऊजींचं उत्तर काल रात्री आलं. ‘वहिनी, पुरण मला जमणार नाही. अनारसे इकडून विकत आणले तर चालतील का?’

चालतील, भाऊजी. तेहतीस मोजून आणा. आणि ताट तुमचंही तुम्हीच धुवायचं आहे.