पावणेचारची काळजी

गेली काही वर्षे मला पहाटे पावणेचारला जाग येते. या वेळेला आपल्याकडे ब्राह्ममुहूर्त असे भारदस्त नाव आहे आणि तेव्हा उठणाऱ्याला विद्या, बल, आयुष्य असे बरेच काही लाभते म्हणतात. मला मात्र गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा तर राहिला नसेल ना, एवढी शंकाच लाभते. पंख्याकडे बघत मी तिथून सोसायटीच्या थकबाकीपर्यंत आणि थकबाकीवरून स्वतःच्या मृत्युपत्रापर्यंत पोहोचतो, आणि गजर व्हायच्या दहा मिनिटे आधी मला गाढ झोप लागते.

अशाच एका पहाटे मोबाइलवर मला एक जुना इंग्रजी शब्द सापडला : ‘उहटकेअर’. ‘उहट’ म्हणजे उजाडण्याआधीचा रात्रीचा शेवटचा प्रहर, आणि पुढे काळजी. दहाव्या शतकातल्या एक्सेटरच्या हस्तलिखितात एका स्त्रीचा विलाप आहे. समुद्रापार गेलेला आपला नवरा कुठल्या मुलखात असेल, या विचाराने तिला ही काळजी ग्रासते. तिच्या जिवाला नवऱ्याचा घोर आणि माझ्या जिवाला व्हॉल्व्हचा, पण दुखणे एकच, हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी हिला हलवून उठवले. “तिचा नवरा निदान घरात तरी नव्हता,” एवढे बोलून हिने कूस बदलली.

तेव्हापासून मला जुन्या शब्दांचे व्यसनच लागले. दुसऱ्याच्या खाण्याकडे आशाळभूतपणे टक लावून बसणे यासाठी ‘ग्रोक’ हा स्कॉटलंडकडचा शब्द मिळाला, आणि डॉक्टरांनी माझी भजी बंद केल्यापासून तो आमच्या घरात रोजच्या वापरात आहे. उद्यानंतरच्या दिवसाला इंग्रजीत ‘ओव्हरमॉरो’ म्हणत, तो शब्द त्यांनी उगाच टाकून दिला. आपण एकटा ‘परवा’ मागे-पुढे दोन्हीकडे राबवतो, त्यामुळे प्लंबरने ‘परवा’ म्हटले की क्रियापद येईपर्यंत जीव टांगणीला लागतो.

या सगळ्यांत माझा लाडका शब्द ‘मम्प्सिमस’. एक पाद्री लॅटिन प्रार्थनेत ‘सम्प्सिमस’, म्हणजे ‘आम्ही ग्रहण केले’, याऐवजी ‘मम्प्सिमस’ असे निरर्थक काहीतरी म्हणत असे. चूक दाखवल्यावर त्याने उत्तर दिले, की ३० वर्षे म्हणत आलेले माझे मम्प्सिमस मी तुमच्या नव्या सम्प्सिमससाठी सोडणार नाही. रिचर्ड पेस या इंग्रज विद्वानाने १५१७ साली ही हकिकत छापली, आणि पुढे चूक कळूनही न सोडणाऱ्या हटवाद्याला तेच नाव चिकटले.

गेल्या रविवारी जेवताना मी हे रंगवून सांगत असता, भाषाविज्ञान शिकणारी आमची मुलगी शांतपणे म्हणाली, “बाबा, तुमचं ते उहटकेअर चुकीचं आहे. त्यातला ‘ह’ घशातून ‘ख’सारखा येतो आणि ‘क’चा ‘च’ होतो. ऊख्तचेआरे.”

“तीन महिने उहटकेअर म्हणतोय,” मी आमटी भुरकत म्हणालो, “आता या वयात घसा खरवडायला जमणार नाही.”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले. मग दोघी एकदम जो शब्द बोलल्या, त्याचा उच्चार अगदी बिनचूक होता.