इंग्रजी येत नाही म्हणून घरी बसायचं?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. दुपारी इथे ठाण्यात गोखले रोडवरच्या एका टूरवाल्याकडे गेले होते. शेजारी सत्तरीतले काका-काकू बसलेले. दोघांनीच जपानला जायचं म्हणत होते. समोरचा मुलगा म्हणाला, "काकू, इंग्रजी येतं का? नाही ना? मग ग्रुपनेच जा, एकट्या हरवाल." काकूंचा चेहरा उतरला. काकांना म्हणाल्या, "अहो चला, राहू दे."

अरे, जपानमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानात तुझं इंग्रजी आणि माझ्या आईचं मराठी, दोन्ही सारखंच!

माझी आई सातवी शिकलेली. तोक्योच्या सुपरमार्केटात तिला दहीभातासाठी दही हवं होतं. मी मोबाइल काढेपर्यंत तिने तिथल्या मुलीला मराठीतच सांगितलं, "बाळा, दही. साखर नको," आणि जिभेला बोट लावून जोरात मान हलवली. त्या मुलीने लांबून हात नाही दाखवला. फ्रिजपर्यंत घेऊन गेली, दोन डबे उचलले, एक परत ठेवला, दुसरा दोन्ही हातांनी आईला दिला. बिनसाखरेचंच निघालं. बिलाचा आकडा स्क्रीनवर दिसतो, पैसे काउंटरवरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. बोलायचं काय त्यात?

मेट्रोत तर आईच मला सांगायची. गिन्झा लाइनवर प्रत्येक स्टेशनला नंबर आहे. उएनो जी-१६, असाकुसा जी-१९. "अजून तीन," म्हणून पिशवी सावरून बसायची. हॉटेलांच्या काचेत पदार्थांचे हुबेहूब प्लास्टिकचे नमुने मांडलेले असतात, बोट दाखवलं की झालं.

बरं, शाकाहारी असाल तर बोटावर भागत नाही, मान्य. साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. काय चालत नाही ते निघण्याआधीच जपानीत कार्डावर लिहून घ्यावं. औषधांची नावंही. एवढी तयारी इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यालाही करावी लागतेच.

त्या मुलाचाही फार राग धरत नाही. विशीतला असेल, ऑफिसात शिकवलं तेच बोलला. पण इंग्रजी न येणाऱ्या बाईला वेंधळी समजायची ही खोड आपल्या घराघरांत आहे, त्याचा संताप येतो. जांभळी नाक्यावर भाजीवाल्याला पुरून उरणारी, घर चालवणारी, मुलांना शिकवून परदेशी धाडणारी बाई एका दह्याच्या डब्यासाठी अडेल? माझी नाही अडली.

त्या काकू हे वाचणार नाहीत, पण तुमच्या घरीही अशी कोणीतरी असेलच. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आहे, ऑफलाइनही डाउनलोड करून ठेवता येतं. कुणाच्या आईबाबांना फोनमध्ये लावून हवं असेल, कार्ड करून हवं असेल, तर मेसेज करा. मी नौपाड्यातच आहे, संध्याकाळी सातनंतर घरी असते.