विसाराचे पन्नास रुपये

गेल्या मंगळवारी मी माझीच सायकल पन्नास रुपये देऊन सोडवून आणली. ती चोरीला गेलेली नव्हती, पोलिसांनी जप्त केलेली नव्हती आणि कोणाकडे गहाणही पडलेली नव्हती. बँकेच्या भिंतीला टेकवून मी पासबुक भरून घ्यायला आत गेलो, मशीन बंद असल्यामुळे पाऊण तास रांगेत उभा राहिलो आणि बाहेर येऊन पाहतो तो ती एका भंगारवाल्याच्या हातगाडीवर, फुटका कूलर आणि दोन मोडक्या खुर्च्या यांच्या मध्ये, चाके आभाळाकडे करून पडलेली. पन्नास रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, असे घरातले आणि दारातले सगळेच मला तेव्हापासून समजावत आहेत. मोठी नाही हे मलाही कळते. तरीही रात्री कूस बदलताना ते पन्नास रुपये टोचतात.

सायकल वडिलांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागल्यावर त्यांनी 1974 साली घेतलेली काळी अ‍ॅटलस, 22 इंची, रॉड ब्रेकची. हँडलखालच्या बिल्ल्यावर पृथ्वीचा गोल खांद्यावर पेललेला माणूस होता. तो द्रोणागिरी घेऊन निघालेला हनुमान आहे अशी माझी चौथीपर्यंत पक्की समजूत होती आणि वार्षिक परीक्षेला जाताना मी त्याच्या पाया पडत असे. ज्या कंपनीने सोनिपतला 1951 पासून अशा सायकली घडवल्या, तिचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. ती बातमी वाचून मी गोठ्याच्या माळ्यावरून सायकल खाली उतरवली. उतरवून ती गोठ्यातच उभी केली आणि पुढची चार वर्षे तिच्यावर वैरणीचे पेंढे ठेवले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

याच सायकलीवर मी कैची शिकलो. सीट छातीपर्यंत यायची, त्यामुळे एक हात हँडलवर, दुसरा सीटच्या बगलेत आणि उजवा पाय दांड्याखालच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर, अशी अर्धी कसरत आणि अर्धी शिक्षा करीत आम्ही रस्त्याने जात असू. दारव्ह्याकडे जाणाऱ्या वाटेवर शकुंतला रेल्वे आडवी आली की तिच्याशी शर्यत लावायची. अडीच फुटांच्या रुळांवरून डुलत जाणारी ती गाडी कैचीवरच्या पोरांनाही मागे टाकता येई, आणि गार्ड हात दाखवून आम्हाला शाबासकी देत असे. आता ती गाडी बंद आहे.

सायकल पुन्हा चालती करण्याची हकीकत लांब आहे, पण तिच्यात रस घेणारा माणूस मला घरातही भेटलेला नाही, म्हणून आटोपते घेतो. जिथे पूर्वी तासाच्या किरायाने सायकली मिळत, त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे टांगलेली आहेत. कॉटर पिना मिळाल्या, 28 बाय दीडचे टायरही मिळाले, घोडे अडले ते तारांपाशी. जुन्या पद्धतीच्या या सायकलींना पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 तारा असतात, कारण भार सगळा मागे येतो : स्वार मागे, कॅरिअर मागे, कॅरिअरवरची सरकीची पोती मागे आणि पोत्यांवर बसलेला धाकटा भाऊही मागेच. दुकानातल्या तरुणाने मात्र मला 36-36 भोकांच्या दोन रिमा काढून दिल्या. मी हिशेब समजावला, तेव्हा त्याने मोबाइलवर बेरीज केली आणि म्हणाला, "सर, टोटल तं बहात्तरच होते ना?" या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. शेवटी यवतमाळला एक वृद्ध मिस्त्री सापडले. मोतीबिंदूमुळे त्यांना चाक नीट दिसत नव्हते, तरी प्रत्येक तार पान्याने वाजवून, कान लावून, त्यांनी दोन्ही चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. एकूण खर्च 6,850 रुपये झाला. घरी मी तो दोन हजार सांगितला आहे.

तर बँकेबाहेर हातगाडीपाशी भंगारवाला काट्याचा हूक गुंडाळत उभा होता आणि शेजारी, बँकेच्या पायरीवर, पांढरी टोपी घातलेले एक काकाजी पायावर पाय टाकून बसलेले होते. मी धावत जाऊन ओरडलो, की ही सायकल माझी आहे.

"मले माईत हाये ना," काकाजी शांतपणे म्हणाले. "तू गुरुजीचा लहाना पोट्टा. म्हनून तं बावीसचे पंचवीस केले म्या. हा किलोमागं बावीसच्या वर चढतच नव्हता."

वयाच्या बावन्नाव्या वर्षी, भर चौकात, माझ्या बारावीच्या तीन विद्यार्थ्यांसमोर मी गुरुजींचा लहाना पोट्टा ठरलो. तेवढे गिळून मी म्हणालो, "पण काकाजी, मी ही विकायला काढलेलीच नाही."

"मंग भिताडाले काहून टेकवली? कुलूप नाही, स्टँड नाही. ठेवाची असली तं मानूस असा टाकून जाते काय?"

कुलपाबद्दल मला बोलता येईना, कारण त्याची किल्ली 1991 साली विहिरीत पडली आहे. मी रंगाकडे वळलो. नवा काळा रंग, मडगार्डवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, हे सगळे दिसत नाही का, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले.

"दिसते ना बाप्पा. म्हनून तं याले सांगतलं, का रंगाचंबी वजन धरजो."

भंगारवाला यावर मान हलवून म्हणाला, की रंगासकट साडेएकोणीस किलो भरली, पंचवीसच्या भावाने चारशे सत्त्याऐंशी रुपये पन्नास पैसे होतात, आणि काकाजींच्या शब्दाखातर तो पूर्ण पाचशे देत होता. माणूस सरळ होता. मला त्याच्यावर रागावताही येईना. तो म्हणाला, "सर, माझं काही म्हननं नाही. काकाजीनं पन्नास इसार घेतला. इसार वापस द्या, आत्ता खाली करतो."

मी काकाजींकडे पाहिले. काकाजींनी खिशातून घोटलेल्या सुपारी-तंबाखूची प्लास्टिकची पुडी काढली. "थे तं गेले," ते म्हणाले. "दहाचा चहा झाला, चाळीसचा खर्रा. अर्धा तुह्यासाठी राखला हाये, घे."

आमच्याकडे शेताचे व्यवहार विसारावर होतात, बैलजोडीचे होतात, आणि एकदा विसार घेतला की शब्द फिरवायचा नसतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मात्र विसार घेणारा, तो खाणारा आणि मालाचा मालक असे तीन वेगळे लोक असले तर तो कोणी परत करायचा, याविषयी मला कोणी काही शिकवले नव्हते. जमलेल्या दहा-बारा जणांना मात्र ते आधीच ठाऊक असल्यासारखे सगळे माझ्या खिशाकडे पाहू लागले. बँकेच्या सुरक्षारक्षकाने हा सौदा पहिल्यापासून पाहिला होता. मी त्याला जाब विचारला, तर तो म्हणाला, "मले वाटलं तुमचं दोघायचं ठरलं असन."

मी पन्नासची नोट दिली. सायकल उतरवताना मागच्या मडगार्डची सोनेरी रेघ कूलरच्या पत्र्याला घासून अर्धी निघाली, ती पुन्हा ओढून घ्यायला यवतमाळला जावे लागेल. खर्रा मी घेतला नाही. काकाजींना त्याचे वाईट वाटल्याचे दिसले.

खरे सांगायचे तर राग काकाजींचा नाही. त्यांना ती भंगार वाटली, कारण या गावात सायकलवर बसणारा प्रौढ पुरुष ही गोष्टच आता कोणाला खरी वाटत नाही. सकाळी सायकली दिसतात त्या फक्त शाळेच्या मुलींच्या, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या, आणि त्यातल्याही निम्म्या ढकलत नेलेल्या, कारण पंक्चर काढणारा आता जवळपास उरलेला नाही. मी सायकलवरून निघालो की पानठेल्यावरून हाक येते : "सर, शुगर निघाली काय?" दुसरा विचारतो, पगार अडकला काय. तिसरा काही न विचारता स्वतःच्या मोटारसायकलवर मागे बसण्याची खूण करतो, आणि या तिसऱ्याचा मला सर्वांत जास्त संताप येतो, कारण त्याचा हेतू चांगला असतो. रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही बाजूंची कडुलिंबाची झाडे गेली आणि डांबराची कड जमिनीपासून वीतभर वर राहिली. मागून ट्रक आला की सायकलवाल्याने त्या कडेवरून खाली उडी मारायची असते. बाबा याच रस्त्याने तीस वर्षे शाळेत गेले आणि त्यांना कधी उतरावे लागले नाही. मी परवा एका फेरीत चार वेळा उतरलो.

काल संध्याकाळी काकाजी घरी आले. आता माफी मागतील म्हणून मी खुर्ची पुढे केली, बायकोने चहा ठेवला. चहा संपवून त्यांनी गोठ्याकडे नजर टाकली आणि खाजगी आवाजात सांगितले, की हायवेवरच्या नव्या ढाब्यावाल्याला भिंतीवर टांगायला जुनी सायकल पाहिजे, तो किलोवर घेत नाही, नगावर घेतो आणि सरळ दोन हजार देतो.

"काकाजी, मी विकणार नाही," मी म्हणालो.

"नको इकू ना," काकाजी उठता उठता म्हणाले. "पन म्या त्याचा शंभर इसार घेऊन ठेवला हाये, थे तेवढं पाहून घेजो."